अकरा बरण्यांची शिरगणती

त्या रविवारी दुपारी तीन वाजता आयोगाच्या बाई येणार होत्या, आणि सकाळी साडेनऊलाच गणत्यांच्या घरात तोंडं तीन दिशांना झाली होती. गणत्ये हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पणजोबांनी जिल्ह्याची पहिली शिरगणती केली तेव्हा लोकांनी चिकटवलेलं नाव ते, आणि लोकांनी चिकटवलेलं नाव आडनावापेक्षा घट्ट बसतं. तेव्हापासून चार पिढ्या या घरातलं कोणी ना कोणी जिल्हा कचेरीत माणसं नाहीतर जमिनी मोजत आलंय. आज जेवायला किती जण आहेत, हे मात्र या घरात कधी कुणाला धड सांगता आलेलं नाही.

टेबलाच्या टोकाला दादा बसला होता. थोरला. मुख्य कारकून म्हणून निवृत्त झालेला, आणि जिल्ह्याच्या प्रशासकीय इतिहासावर नि लोकसंख्येवर चारशे बारा पानी ग्रंथ लिहिलेला. हा जिल्हा आधी दोन मोठ्या जिल्ह्यांच्या मधला कुणालाच नको असलेला तुकडा कसा होता, मग तो सुटा कसा झाला, मुख्य ठाणं एकदा पुरामुळे आणि एकदा रेल्वे भलतीकडून गेल्यामुळे कसं हललं, कुठल्या गावात कुठल्या साली किती डोकी होती, सगळं त्यात होतं. नऊ वर्षं खपला होता तो त्यासाठी. घरात कुणी तो ग्रंथ पुरता वाचला नव्हता, पण धाक सगळ्यांनाच होता.

आज त्या ग्रंथातलं एक वाक्य दादाने सहीनिशी खरं ठरवून द्यायचं होतं. 'पहिल्या शिरगणतीच्या वेळी वरचा पट्टा निर्जन होता.' एवढंच वाक्य.

वरचा पट्टा म्हणजे नदीच्या उगमाकडची अकरा गावं. आज तिथे दोन हजार तीनशे माणसं राहतात. शंभर वर्षांपूर्वीची वस्ती सिद्ध झाली तर जमीन त्यांची, नाहीतर ते सरकारी रान आणि ती माणसं घुसखोर, असा कायदा. पुढच्या उन्हाळ्यात खाली धरणाचं पाणी अडवायचं होतं, आणि त्याआधी जमीन कुणाची ते ठरवायला हा आयोग बसला होता. दादाने सही केली की अकरा गावांना चंबूगबाळं आवरून निघावं लागणार होतं. आणि दादाची बायको, या घराची वहिनी, त्याच पट्ट्यातली होती. तिची पंच्याऐंशी वर्षांची आई अजून तिथे एकटीने शेळ्या राखत होती.

"तुम्ही मला कितीही घेरा," दादा म्हणाला. "मी जे कागदावर पाहिलं ते लिहिलं. कागदावर नाही ते नाही."

"कागदावर आहे," धाकटी बहीण म्हणाली.

सगळ्यांना तिनेच बोलावलं होतं. ती कचेरीच्या दप्तरखान्यात होती. दादा निवृत्त झाल्यावर त्याच खुर्चीत, त्याच गळक्या छपराखाली ती बसायला लागली, आणि दादाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही या सवयीने अठरा वर्षं तिने तो ग्रंथ कधी मूळ कागदांशी ताडून पाहिला नव्हता. परवा पाहिला. तिने पिशवीतून मूळ तक्त्याची प्रत काढली आणि टेबलावर पसरली.

"हे बघ. पणजोबांचं अक्षर. एकूण अडतीस हजार दोनशे सहा. आणि ही शेवटची अकरा गावं. पुढे काय आहे?"

"रेघ आहे."

"शून्य का नाही?"

"रेघ काय नि शून्य काय," मधला मध्येच म्हणाला. मधला भाऊ जमिनींची मोजणी करायचा. उन्हाने रापलेला, साखळ्या नि खुंट्या घेऊन हिंडणारा माणूस, आणि लहानपणापासून दादाचं शेपूट. "काडीचा फरक नाही. माणूस नव्हता, रेघ मारली."

"तुझ्या नकाशावर विहीर नसली तर तू रेघ मारतोस?"

"नाही. नाही असं लिहितो."

"मग रेघ कधी मारतोस?"

मधल्याने डोकं खाजवलं. "विहीर बघायला आत जाऊ दिलं नाही, की मारतो," तो म्हणाला, आणि म्हणाल्यावर त्याचं त्यालाच काहीतरी टोचलं असावं. त्याने दादाकडे न बघता चहाचा कप पुढे ओढला.

"याच तक्त्यात पान सहावर तीन वाड्या आहेत," धाकटी म्हणाली. "साथीत ओस पडलेल्या. त्यांच्यापुढे पणजोबांनी शून्य घातलंय. तिन्हींपुढे, ठसठशीत. ज्या माणसाला शून्य घालता येत होतं त्याने इथे रेघ का मारली, एवढंच मला सांग."

दादा गप्प बसला. दादाचं गप्प बसणं घरात सगळ्यांना ओळखीचं होतं. ते कबुलीचं नसायचं, ते दार लावून घेतल्यासारखं असायचं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "समजा रेघ म्हणजे माहीत नाही. तरी माहीत नाही म्हणजे वस्ती होती असं होत नाही. आकडा आण. आकडा आणलास तर मी स्वतः पान फाडतो."

आकडा कुठून आणणार? मधल्या दोन शिरगणत्यांच्या याद्या छपरातून गळलेल्या पाण्याने लगदा होऊन गेल्या होत्या. धाकटीने तो लगदा स्वतः हातात धरून पाहिला होता. तिला वाटलं, आता झालं, आपण घरादाराला गोळा केलं ते फक्त दादाला चारचौघांत टोचायला.

 वहिनी इतका वेळ ओट्याशी उभी राहून पावाची पिशवी सोडत होती. ती कापडी पिशवी तिची तिनेच बांधलेली असायची आणि ती गाठ तिच्याशिवाय घरात कुणाच्या बापाला सुटायची नाही. धाकटीने आज सकाळीच दहा मिनिटं झटापट करून नाद सोडला होता. वहिनीने एका बोटाने गाठ मोकळी केली, पाव काढले, आणि पाठ न वळवता म्हणाली,

"पान एकशे त्रेपन्न. खालून चौथी ओळ."

दादाने मान वर केली.

"एकवीस वर्षं झाली छापून. मी पहिल्याच दिवशी वाचलं," वहिनी म्हणाली. "तुमचा पहिला ग्रंथ, म्हटलं माझं माहेर कसं आलंय बघू. आलंच नव्हतं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही म्हणाला असतात, कागद दाखव."

 मधला उठला आणि उगाचच खिडकी उघडून आला. येताना तो दादाच्या शेजारच्या खुर्चीत न बसता धाकटीच्या बाजूला बसला. धाकटीने ते पाहिलं, दादानेही पाहिलं.

तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली. काका खाली येत होते. वडिलांचे धाकटे भाऊ, चौऱ्याऐंशी वर्षांचे, आयुष्यभर डाकघरात पत्रं लावलेले. त्यांना ऐकू कमी येतं असं घरात सगळे धरून चालायचे, आणि काकाही ते धरून चालू द्यायचे. त्यात त्यांची बरीच सोय होती.

ते सरळ वहिनीसमोर जाऊन उभे राहिले.

"सूनबाई, तुला काही मागायचंय का माझ्याकडे?"

"तुमच्याकडे काय मागू, काका?"

"ते मी सांगायचं नाही. तू मागायचं."

मधल्याने धाकटीला कोपर मारलं. म्हातारा बरळायला लागला, असा त्याचा अर्थ. पण वहिनी काकांच्या तोंडाकडे बघत राहिली. तिने हातातला पाव खाली ठेवला, हात पुसले.

"मला माझी माणसं मोजून हवीत," ती म्हणाली. "तेव्हा किती होती, तो आकडा हवाय मला. आहे तुमच्याकडे?"

काकांनी खुर्ची ओढली आणि ते असे बसले, जणू चाळीस वर्षं उभेच होते. मग त्यांनी गळ्यातल्या दोऱ्याला बांधलेली किल्ली काढली. ही किल्ली त्यांच्या जुन्या टपालपेटीची, असं ते सगळ्यांना सांगत आले होते.

"तळघर," ते म्हणाले. "लोणचं काढा."

तळघरातल्या अकरा बरण्यांना घरात लोणचं म्हणायचे. हातभर उंच, तपकिरी, झाकणं मेणाने बंद केलेल्या, लाकडी जाळीच्या कुलूपबंद दारामागे ओळीने ठेवलेल्या. पणजोबांचं लोणचं, अजून मुरतंय, हात लावायचा नाही. मधल्याने आठ वर्षांचा असताना जाळीतून चमचा घालून मेण उकरायचा प्रयत्न केला होता आणि काकांनी त्याच्या थोबाडीत दिली होती. काकांनी जन्मात कुणाच्या मारलेली ती एकच.

"वरच्या पट्ट्यातली माणसं मोजू द्यायची नाहीत," काका सांगू लागले. आवाज चांगला खणखणीत होता. "कारण त्याआधी दोनदा मोजायला आले होते. मोजून गेले, आणि महिन्याभरात परत येऊन तरणीताठी पोरं घेऊन गेले. एकदा लढाईला, एकदा खाणीत. यादी हातात होती ना, लपवणार कुठे? म्हणून माझे आजोबा गेले तेव्हा लोकांनी दारं लावून घेतली. आजोबा पहिल्या गावात नऊ दिवस ओट्यावर बसून राहिले. दहाव्या दिवशी एक बाई बाहेर आली आणि म्हणाली, तुला मोजल्याशिवाय जायचं नाही आणि आम्हाला लिहून घ्यायचं नाही, मग काय करायचं? तिनेच तोड काढली म्हणतात. नाव द्यायचं नाही, आकडा सांगायचा नाही. घरात जितकी माणसं तितके खडे, आपल्याच घरच्या फडक्यात बांधून द्यायचे. आजोबांनी ते मोजायचे नाहीत, लिहायचे नाहीत, नुसते सांभाळायचे. त्या लोकांनी मागितले तरच उघडायचे. आजोबांनी शब्द दिला. म्हणून रेघ."

"आणि काका, माझा ग्रंथ निघाला तेव्हा?" दादाने विचारलं.

"तेव्हा मी तुला म्हटलं होतं, ती रेघ आहे, नीट बघ. तू म्हणालास, काका, तुम्ही पत्रं लावा."

दादा म्हणाला असणार. धाकटीला खात्रीच होती.

"पण सूनबाईला तरी सांगायचं," मधला म्हणाला. "चौतीस वर्षं ती याच घरात आहे."

"रोज वाटायचं रे. पण न मोजलेलं बरंच होतं त्यांना, तोवर. न मोजलेल्या माणसाला कुणी न्यायला येत नाही. आता दिवस असे आलेत, की न मोजलेला माणूस नसतोच. मला हे कळायला वेळ लागला," काका म्हणाले. "चूक झाली असेल माझी. शब्द मोडायची सवय नव्हती."

मधला आणि धाकटी तळघरात उतरले, मागे वहिनी. दादा उठला नाही. मधल्याने चाकूने पहिल्या झाकणाचं मेण कापलं. झाकण निघालं तसा मातीचा नि जुन्या कापडाचा वास आला. धाकटीने विजेरी आत धरली.

आत गाठोडी होती. मुठीएवढी, लिंबाएवढी, एकावर एक, काठोकाठ. कुठलं गोणपाटाचं, कुठलं जाड लोकरीचं, कुठलं विटून पांढरं पडलेलं पण कधी काळी नक्की लाल असलेलं. एका घराचं एक. धाकटीने दप्तरखान्यात अठरा वर्षं काढली होती. माणसं तिने रकान्यात पाहिली होती, बेरजेत पाहिली होती, वजाबाकीत पाहिली होती. पण एक अख्खं गाव असं दाटीवाटीने बसून आपल्याकडे बघतंय, हे तिने कधी पाहिलं नव्हतं.  

"बाप रे," मधला हळूच म्हणाला. "आणि मी चमचा घालत होतो यात."

बरण्या वर आणायला तासभर लागला. मधला एरवी मैलभर साखळी ओढणारा गडी, पण त्या दिवशी तो प्रत्येक बरणी तान्हं मूल उचलावं तशी पोटाशी धरून जिना चढला. टेबलावरची चादर बदलून पांढरी घातली. एक गाठोडं सोडायचं, खडे मोजायचे, फडक्यावरच ठेवायचे, मग पुढचं, अशी रीत ठरली. पहिली बरणी संपली तेव्हा धाकटीचे एकशे एकवीस झाले आणि मधल्याचे एकशे एकोणीस.

"तू पहिल्या ओळीतला घेतलाच नाहीस."

"घेतला. तूच तो गोणपाटाचा दोनदा धरलास."

"मी? अरे, मी रोज हेच करते."

"सरका," दादा म्हणाला.

तो कधी मागे येऊन उभा राहिला ते त्यांना कळलं नव्हतं. चूक बेरीज ऐकत बसणं या माणसाच्या कुंडलीतच नव्हतं. भांडण एकीकडे नि बेरीज एकीकडे. त्याने बाह्या दुमडल्या, चष्मा पुसला, खुर्ची ओढली. "बरणी एक, पहिल्यापासून," तो म्हणाला. "सोडणारा एक, मोजणारा एक, लिहिणारा..." आणि तो थांबला. "लिहायचं नाही, नाही का. मग लक्षात ठेवणारा एक. धाकटे, तू."

मग घरात दोन अडीच तास दुसरा आवाज झाला नाही. गाठोडं सोडल्याचा, खडा कापडावर टेकवल्याचा, आणि दादाचा आकडा. पाच. आठ. चार. अकरा. दादा आधी कचेरीच्या चपळाईने मोजत होता. तिसऱ्या बरणीपासून त्याचा हात हळू झाला. कारण खडे एकसारखे नव्हते. कुणी मोठ्या माणसाला मोठा नि पोराला छोटा घातला होता. एका फडक्यात सगळे गुळगुळीत आणि एकच खरबरीत होता. घरातला कुणीतरी खडूस असणार, असं मधला म्हणाला, आणि कुणी हसलं नाही, पण सगळ्यांना पटलं. एका मऊसूत फडक्यात एकच खडा निघाला. कुणीतरी एकट्याने राहणारं माणूस. आपलं सगळ्यात चांगलं कापड त्याने स्वतःसाठी फाडलं होतं. दादाने तो खडा तळहातावर घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

"एक," शेवटी तो म्हणाला.

सहाव्या बरणीत एका गाठोड्यात सहा खडे निघाले, आणि सातवा लोकरीच्या चिंधीत वेगळा गुंडाळलेला, वाटाण्याएवढा.

"हे काय?" दादाने विचारलं.

"येणारं," काका म्हणाले. "आजोबांनी बजावलं होतं, जन्मलेलेच घाला. पण घरच्यांना धीर निघाला नसेल."

"नियमाने तो धरता येत नाही."

"नको धरूस."

दादाने तो वाटाणा लोकरीसकट उचलला आणि टेबलाच्या कोपऱ्यात, सगळ्यांपासून लांब, एका बशीत ठेवला. मग उठून बशी जरा आत सरकवली, धक्का लागून पडू नये म्हणून.

नवव्या बरणीत खडे हिरवट निघाले, चपटे, कडेला पांढरी शीर असलेले. वहिनी गाठोडी बरणीतून काढून देत होती, तिचा हात थबकला.

"हा आमच्या ओढ्यातला दगड आहे," ती म्हणाली. "हे आमचं गाव."

 ती एकेक गाठोडं काढत गेली. बरणी अर्धी झाली, आणि तिच्या हातात एक निळसर फडकं आलं. मधल्याने सवयीने सोडायला घेतलं, त्याला गाठ सुटेना. त्याने नख लावलं, दात लावणार तेवढ्यात धाकटीने त्याचं मनगट धरलं. तिने सकाळी दहा मिनिटं ज्या गाठीशी झटापट केली होती, तीच ती होती. डावीकडून वळवलेली, टोक आत खुपसलेली.

"वहिनी," धाकटी म्हणाली. 

वहिनीने फडकं घेतलं. एका बोटाने गाठ मोकळी केली. एकशे दहा वर्षांची गाठ, आणि ती पावाच्या पिशवीसारखी सुटली. आत सात खडे होते. सहा मोठे आणि एक करंगळीच्या नखाएवढा.

"ही आजी," वहिनी म्हणाली. तिने तो नखाएवढा खडा उचलला. "ती सांगायची, मोजणारा आला त्या वर्षी मी रांगत होते. आम्हाला वाटायचं म्हातारी थापा मारते." मग ती रडायला लागली. या घरात चौतीस वर्षांत तिला असं रडताना कुणी पाहिलं नव्हतं, आणि कुणी तिला गप्पही केलं नाही. दादा तिच्याकडे बघत होता. 

"मोजा ना," वहिनी म्हणाली.

"सात," दादा म्हणाला.

पावणेतीनला शेवटची बरणी संपली. धाकटीने डोळे मिटून बेरीज सांगितली, दादाने ती मनात पुन्हा केली, मधल्याने बोटांवर. तिघांचं जुळलं. दोनशे अडतीस घरं. एक हजार तीनशे सेहेचाळीस माणसं. आणि एक बशीत.

आयोगाच्या बाई वेळेवर आल्या. धाकटीच्याच वयाच्या, काखेत फाईल, दारातूनच पेन काढत. "दोन मिनिटांचं काम आहे, फक्त सही..." असं म्हणत त्या आत आल्या आणि टेबल बघून थांबल्या. टेबल पुरलं नव्हतं. ओट्यावर, खिडकीत, जिन्याच्या पायऱ्यांवर फडकी पसरली होती आणि प्रत्येक फडक्यावर एकेक घर बसलं होतं.

धाकटीने सांगितलं. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. सांगून झाल्यावर त्यांनी पायरीवरच्या एका फडक्याशी वाकून पाहिलं, बोट पुढे केलं आणि न लावता मागे घेतलं.

"मी सोळा जिल्ह्यांचे आकडे पाहिलेत," त्या म्हणाल्या. "माणसं नाही पाहिली कधी." मग त्या कुणी बसा न म्हणता बसल्या. "हे बघा, खोटी आशा लावत नाही. निकाल मी देत नाही. खडे तज्ज्ञ तपासतील, कापड तपासतील. पण अहवालाचा सगळा डोलारा तुमच्या त्या वाक्यावर उभा आहे." त्या दादाकडे वळल्या. "ते वाक्य तुम्ही स्वतः मागे घेतलंत, चूक का झाली ते लिहून दिलंत, तर मला तपासणीशिवाय पुढे जाता येणार नाही. तुम्ही घेतलं नाहीत, तर हे नुसते दगड."

"पूर्ण ग्रंथावर शंका घेतील लोक," मधला पुटपुटला.

"घेऊ देत," दादा म्हणाला.

त्याने कोरा कागद ओढला. नऊ वर्षं ज्या पेनाने ग्रंथ लिहिला ते खिशातून काढलं. पहिली ओळ त्याने झरझर लिहिली, 'मी रेघेला शून्य समजलो, ही माझी चूक आहे,' आणि पेन थांबलं. पुढे आकडा लिहायचा होता. दादाने मान वर केली आणि वहिनीकडे पाहिलं.

"पणजोबांनी लिहिणार नाही असा शब्द दिला होता. तुम्हा लोकांना," तो म्हणाला. "लिहू का?"

 वहिनी सगळीकडे बघून आली, टेबल, ओटा, खिडकी, पायऱ्या, जणू एकेका घराला विचारून येत होती. काका काठीवर हनुवटी टेकवून तिच्याकडे बघत होते.

"लिहा," ती म्हणाली. "अक्षरी पण लिहा."

दादाने आकड्यात लिहिलं, अक्षरी लिहिलं, सही केली. धाकटीने नि मधल्याने साक्षीदार म्हणून सह्या केल्या. कागद फाईलमध्ये ठेवताना बाईंनी विचारलं, "ते बशीतलं?"

"ते नियमात बसत नाही," दादा म्हणाला. "पण त्याच घरच्या गाठोड्यात परत जाईल."

बरण्या उद्या सील होणार होत्या. तोवर सगळी गाठोडी होती तशी बांधून आत ठेवा, असं सांगून बाई गेल्या. मग सगळे बांधायला बसले. साध्या गाठी होत्या, भराभर झाल्या. बाहेरचं ऊन खिडकीवरून उतरलं तेव्हा टेबलावर एकच फडकं राहिलं होतं, निळसर. दादा ते घेऊन बसला होता. त्याने तीनदा बांधलं, तीनदा सुटलं.

"मला जमत नाही ही," तो म्हणाला.

"चौतीस वर्षं रोज पाव हवा की मला हाक मारताय," वहिनी म्हणाली. "कधी विचारलंत कशी मारतात?"

"आज विचारतोय."

वहिनी त्याच्या शेजारी बसली. तिने त्याची बोटं धरून टोक डावीकडून वळवलं, आत खुपसायला लावलं. चौथ्या खेपेला गाठ बसली. दादाने ती ओढून पाहिली, आणि तिच्याकडे बघितलं, शाबासकी मिळतेय का म्हणून.

"सोडा परत," वहिनी म्हणाली.

"का? चुकली?"

"गाठ बरोबर आहे. आजी तळाशी गेली." तिने फडकं त्याच्यापुढे सरकवलं. "तिला सगळ्यांच्या वर ठेवा. लहान आहे, दबेल."